पंपहाऊसची चावी कोणाकडे आहे?

या वेळी टपाल उघडलं तर निम्म्याहून जास्त पत्रं पाण्याचीच निघाली. मी आयुष्यभर पाणीपुरवठ्यात नोकरी केली हे वाचकांना कळलंय वाटतं. बाकीचे प्रश्न (दोन आंब्याच्या मोहोराचे, एक शेजाऱ्याच्या बोअरवेलचा) पुढच्या अंकात घेतो, आज फक्त जुन्या वॉटर वर्क्सचं.

प्रश्न: आमचं गाव खाडीकाठचं, तालुक्याचं. नदीच्या कडेला जुनं वॉटर वर्क्स आहे, जांभ्याची इमारत, मंगलोरी कौलं, आत एक रस्टनचं ऑईल इंजिन, दोन पंप आणि बाहेर तीन फिल्टरचे हौद. नवीन योजना आल्यापासून सगळं बंद आहे आणि आता इंजिन भंगारात काढणार असं ऐकतोय. आम्ही आठ-दहा पोरांनी तिथे गावाचं म्युझियम करायचं ठरवलंय. आधी इमारत रंगवून घ्यावी म्हणतो, म्हणजे लोकांना काहीतरी दिसेल. बरोबर आहे का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

रंगाचे डबे आणले असतील तर दुकानदाराला परत देऊन या बाबांनो. रंग सगळ्यात शेवटी, आणि कदाचित कधीच नाही.

पहिलं काम भंगार थांबवणं. पालिकेत मोघम अर्ज टाकू नका, आत काय काय आहे त्याची यादी करून अर्जाला जोडा. प्रत्येक वस्तूचा फोटो, त्यावरची पितळी पाटी, नंबर, कंपनीचं नाव, मोजमाप. "जुनं इंजिन" असं लिहिलं की ते किलोवर जातं, आणि "रस्टन अँड हॉर्न्सबी, लिंकन, इंजिन नंबर अमुक" असं लिहिलं की सही करणाऱ्याचा हात जरा अडखळतो. हे मी अनुभवाने सांगतोय कारण नोकरीत असताना एका गावी (नाव नको) असाच एक पंप निर्लेखित करायच्या (म्हणजे निकामी ठरवून भंगारात काढायच्या) कागदावर मीच सही केली होती, कागदावर फक्त "निरुपयोगी लोखंडी साहित्य" एवढंच लिहिलेलं होतं, आणि चार महिन्यांनी कळलं की तो किर्लोस्करवाडीचा सुरुवातीच्या काळातला पंप होता. तिथे पहिला सेंट्रिफ्यूगल पंप 1926 साली झाला, म्हणजे विचार करा काय घालवलं मी. पाटीवर रस्टन आणि हॉर्न्सबी दोन्ही नावं एकत्र असतील तर इंजिन 1918 च्या नंतरचं, कारण त्या दोन कंपन्या त्या वर्षी एकत्र आल्या. पाटी एवढं बोलते, फक्त ब्रासोने घासून घासून तिची अक्षरं उडवू नका.

दुसरं काम, आणि माझ्या मते खरं काम, पंपहाऊसची चावी कोणाकडे आहे ते शोधा. कुलूप गंजलंय, चावी हरवलीय असं ऑफिसात सांगतील, पण कुठल्यातरी घरात खुंटीला ती टांगलेली असते आणि त्या घरात एक म्हातारा माणूस असतो ज्याने पंचवीस-तीस वर्षं रात्रपाळी केलेली असते. तो तुमचं म्युझियम आहे. इंजिन काय, ते पुढची पन्नास वर्षं तिथेच बसून राहील. त्याच्याकडून काय विचारायचं? इंजिन थंडीत चालू व्हायला किती वेळ लागायचा, फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप) गळला की पंपाला प्रायमिंग कसं करायचे, म्हणजे आत आधी पाणी कसं भरायचे, पुराच्या रात्री काय केलं, गावात कोणाच्या नळाला पाणी आलं नाही की कोण घरी येऊन शिव्या द्यायचं. आणि व्हॉल्व्हमनला विसरू नका, खांद्यावर ती टी आकाराची चावी घेऊन सायकलवरून गावभर फिरणारा माणूस, गावाच्या पाइपांचा नकाशा ऑफिसात नसतो, त्याच्या डोक्यात असतो. मोबाईलवर रेकॉर्ड करा, व्हिडिओ नको म्हणाले तर नुसता आवाज, पण इंजिनाशेजारी उभं करून करा, घरच्या सोफ्यावर बसवलं की माणूस भाषण देतो आणि इंजिनाशेजारी उभा केला की हात दाखवतो.

तिसरं, ते बाहेरचे तीन हौद. इंजिन बघायला सगळे जमतील पण माझा जीव त्या हौदांत आहे. तिन्ही रुंद आणि उथळ असतील आणि तळाला विटांच्या किंवा दगडाच्या नाल्या असतील तर ते स्लो सँड फिल्टर असणार. खाली खडी, वर बारीक खडी, वर साधारण मीटरभर वाळू आणि वाळूवर मीटरभर पाणी, आणि ते पाणी वाळूतून खाली उतरतं तासाला 10-20 सेंटिमीटर एवढ्या सावकाश. गाळणं वाळू करते असं आपल्याला वाटतं, पण खरी मेहनत वाळूच्या वर धरणाऱ्या त्या बुळबुळीत सायीची असते, त्यातले जीव पाण्यातले रोगजंतू खाऊन टाकतात. साय फार जाड झाली की पाणी उतरत नाही, मग हौद रिकामा करून वरचा एक-दोन सेंटिमीटर थर फावड्याने खरवडायचा, वाळू धुऊन ठेवायची. हे काम गावात कोण करायचं तेही विचारा, बहुतेक वेळा त्यांचं नाव हजेरीपटाशिवाय कुठेच सापडत नाही.

या सायीची ताकद जगाला कळली ती 1892 मध्ये, जर्मनीत. हॅम्बर्ग आणि आल्टोना ही दोन शहरं एकमेकांना चिकटून, दोघंही एल्ब नदीचंच पाणी पिणारी. हॅम्बर्ग न गाळता प्यायचं, आल्टोना तर उलट खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गची घाण पोटात घेऊन येणारं पाणी, पण वाळूतून गाळून प्यायचं. कॉलरा आला, हॅम्बर्गमध्ये 8 हजारांहून जास्त माणसं गेली आणि आल्टोना जवळजवळ सुटलं. दोन शहरांच्या सीमेवरच्या रस्त्यावर एका बाजूच्या घरांत कॉलरा आणि समोरच्या घरांत नाही. तुमच्या हौदाशेजारी फलक लावायचा असेल तर हा लावा, आणि शेजारी काचेच्या पेटीत वाळू-खडीचे थर करून वरून गढूळ पाणी ओतायला पोरांना द्या. (वर एक सूचना ठळक लिहा की हे पाणी प्यायचं नाही, पेटीत साय धरलेली नसते आणि पोरं काय, पिऊन बघतातच.)

हौदांना कठडा मात्र पहिल्या दिवशी करा. आणि आत शिरताना तीन गोष्टींना हात लावू नका. कोपऱ्यात क्लोरीनचा जुना सिलिंडर असेल तर तो रिकामाच आहे असं धरून चालू नका, पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला कळवून त्यांच्याकडूनच उचलून घ्या. पाइपाभोवती पांढरट दोरीसारखं किंवा पुठ्ठ्यासारखं पॅकिंग असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओढू-तोडू नका. आणि जुने एसी पाइप, ते तर नावातच ॲस्बेस्टॉस सिमेंट, ते करवतीने कापायचे नाहीत, त्याची धूळ फुप्फुसात जाते.

प्रश्न: तुमच्या मागच्या एका उत्तरात तुम्ही पाण्याच्या वारशाचं कौतुक केलं होतं. माझ्या आजीच्या वेळी आमच्या वाडीत नळ आला नव्हता, गावात आला होता. आजी सांगायची, गावातल्या नळाचं पाणी आम्ही वरून ओतून घ्यायचो. आता त्याच गावात पंपहाऊसचं म्युझियम करताहेत आणि मला मीटिंगला बोलावलंय. मी जाऊन काय बोलू? जुनं उकरून काढते म्हणतील. (एक वाचक, रायगड जिल्हा)

ताई, जा, आणि आजीने सांगितलं तेच सांगा, शब्द न बदलता.

तुम्ही रायगड जिल्ह्यातल्या आहात म्हणजे महाड तुम्हाला मी सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी लिहितो. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. म्हणजे ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं. हे सगळं कोकणात झालंय, एसटीने जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि तरी मी आजवर पाणीपुरवठ्याच्या जेवढ्या स्मरणिका वाचल्या (नोकरीत ढिगाने येतात) त्यात उद्घाटन करणाऱ्या साहेबाचा फोटो असतो, पाइपाची लांबी असते आणि नळ कुठल्या आळीत आधी गेला, कुठल्या वाडीत किती वर्षांनी गेला याची एक ओळ नसते.

तुम्ही मीटिंगमध्ये एवढीच मागणी करा की एक नकाशा लावा. गावाचा मोठा नकाशा, त्यावर पहिल्या नळापासून शेवटच्या नळापर्यंत वर्षाप्रमाणे खुणा. पालिकेच्या जुन्या पाणीपट्टीच्या वह्या असतील तर त्यातून बरंच निघेल, नसतील तर प्रत्येक वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारून लावा. कोणावर आरोप करायची गरजच नाही, नकाशा बघणारा गप्प उभा राहतो आणि स्वतःच्या वाडीचं वर्ष शोधतो. कोणी म्हणालं की जुनं कशाला उकरता, तर म्हणा की म्युझियम म्हणजे दुसरं काय असतं.

आणि आजीची कळशी किंवा हंडा घरात असेल तर देऊन टाकू नका लगेच. उसना द्या, कागदावर "उसना दिला, मालकी आमची" असं लिहून घ्या. म्युझियमवाल्यांचा उत्साह दोन वर्षांत ओसरला तर वस्तू परत घरी आली पाहिजे.

प्रश्न: मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो. आणि तुम्ही लोक बंद पडलेल्या पंपाचं म्युझियम करायला सांगता. हे म्हणजे पोटात नाही दाणा आणि मला हिमायतबाग दाखवा असं झालं. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. (एक वाचक, गुहागर तालुका)

राग कसला, तुमची म्हण मी वहीत लिहून घेतली.

पण तुमच्याच प्रश्नाचं उत्तर त्या पंपहाऊसमध्ये आहे असं मला वाटतं. कोकणात वर्षाला 3 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे उजाडला की आपण हंडे घेऊन रस्त्यावर. बाहेरच्या माणसाला हे खरंच वाटत नाही. कारण असं की आपल्या नद्या सह्याद्रीवरून उतरतात आणि थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, उतार तीव्र, आणि वर जांभा, म्हणजे चाळणीच, पाणी मुरतं पण टिकत नाही, खालच्या अंगाला झऱ्यातून निघून जातं. जुन्या लोकांनी योजना केल्या त्या हे ओळखून केल्या. मुरूडकरांना गारंबी माहीत असेल, नवाबाच्या काळातलं धरण डोंगरात आणि पाणी उताराने मुरूडला, पंपाला वीज नको की डिझेल नको. पंचवीस वर्षांत तुमच्या गावात किती योजना झाल्या, किती चालू आहेत, बंद का पडल्या (झरा आटला? मोटर जळली? वीजबिल थकलं?) हे एका भिंतीवर मांडलं तर ते म्युझियमही झालं आणि पुढच्या ग्रामसभेत विचारायचा प्रश्नही झाला. टँकर कुठल्या वर्षी पहिल्यांदा आला हे तुमच्या गावात कोणाला नक्की सांगता येतं का बघा.

तरी एक मान्य करतो. गावात पाणी नसताना म्युझियमसाठी पालिकेचा एक रुपयाही पाण्याच्या बजेटमधून वळवला जात असेल तर त्याला विरोध करा, मी तुमच्या बाजूने.

प्रश्न: पैसा कुठून आणायचा? आणि संस्था कशी करायची? परदेशात अशी म्युझियम आहेत म्हणे, ती कशी चालतात? (दोन-तीन पत्रांचा मिळून प्रश्न)

परदेशातलं आधी. लंडनला क्यू ब्रिजचं पंपिंग स्टेशन आहे, 1838 मधलं, तिथलं एक इंजिन 90 इंची आहे म्हणजे त्याच्या सिलिंडरचा व्यास 90 इंच, सव्वादोन मीटर, माणूस आडवा झोपेल एवढा. 1944 ला वाफ बंद झाली पण तिथल्या वॉटर बोर्डाने इंजिनं मोडली नाहीत, आणि 1975 मध्ये म्युझियम उघडलं, त्यात हाताला तेल लावून घेणारे बरेचसे स्वयंसेवक. बॉस्टनला चेस्टनट हिलचं पंपिंग स्टेशन आहे, त्यात 1894 चं लेव्हिट नावाच्या इंजिनिअरचं इंजिन आहे, सत्तरच्या दशकात सगळं बंद पडलं आणि म्युझियम झालं थेट 2011 मध्ये. तिथे शेजारच्या इमारतींमध्ये फ्लॅट झाले आणि मोठा इंजिन हॉल म्युझियमसाठी राखला. लिस्बनला बार्बादिन्योस म्हणून 1880 चं वाफेचं पंपिंग स्टेशन आहे, ते पाणी कंपनी स्वतःच चालवते. म्हणजे तीन गावच्या तीन तऱ्हा, एकीकडे स्वयंसेवक, एकीकडे जागेचा सौदा, एकीकडे पाणी देणारी संस्था.

आपल्याकडे तिसरी तऱ्हा सगळ्यात बरी पण पालिकेच्या मागे कोण लागणार. दुसरीची मला भीती वाटते, कारण नदीकाठची जागा म्हटल्यावर फ्लॅट आधी होतील आणि म्युझियम "लवकरच" राहील. तसा काही प्रस्ताव आला तर म्युझियमचा हॉल आधी ताब्यात, मग बाकीचं, हे करारात पाहिजे.

राहिली पहिली. सात जण मिळून 1860 च्या कायद्याखाली सोसायटी आणि धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट अशी नोंदणी करता येते, तालुक्याच्या वकिलाला हे पाठ असतं. जागा पालिकेचीच राहू द्या, तुम्ही भाडेपट्टा घ्या, नगर परिषद अधिनियम 1965 चे त्याला नियम आहेत, सभेचा ठराव लागतो आणि मुदतीप्रमाणे वरची मंजुरी लागते, नुसत्या नगराध्यक्षांच्या तोंडी "करा हो" वर एक खिळा ठोकू नका, निवडणुकीनंतर तो खिळा काढायला लावतात. सीएसआरचा (कंपन्यांनी समाजाच्या कामासाठी द्यायचा) पैसा वारशाच्या कामाला चालतो, 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक इमारतींचं जतन स्पष्ट लिहिलंय, पण कंपनीवाले आधी दोन-तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब मागतात हे लक्षात ठेवून पहिल्या दिवसापासून पावती पुस्तक ठेवा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची म्युझियमसाठी अनुदान योजनाही आहे. इन्टॅक (जुना वारसा जपणारी, 1984 पासूनची संस्था) चे लोक सल्ला देतात, त्यांच्याशी बोला.

पण खरं सांगू, पहिली दोन वर्षं पैसा लागतच नाही फारसा. रविवारी सकाळी दोन तास दार उघडायचं, झाडून काढायचं, एक टेबल, एक वही, चहाचा थर्मास. ज्यांना हे दोन वर्षं जमत नाही त्यांना कोटभर रुपये मिळाले तरी त्यातून फक्त कोनशिला होईल.

प्रश्न: समुद्रावरच्या वाऱ्याने लोखंड सडतं. इमारतीच्या भिंतीचा जांभाही झिजलाय. सिमेंट प्लास्टर करून घेऊ का? आणि कौलं काढून पत्रा टाकला तर? (एक वाचक, दापोली तालुका)

प्लास्टर नको, पत्रा नको.

जांभा पाणी पितो आणि उन्हात ते परत सोडतो, त्याला श्वास घ्यायला जागा पाहिजे. सिमेंट लावलं की पाणी आत अडकतं, प्लास्टर फुगतं आणि पडताना जांभ्याचा पापुद्रा बरोबर घेऊन पडतं. दगडांमधल्या दर्जा (सांधे) चुन्यात भरा. चुना मळणारा गवंडी मिळत नाही म्हणाल, मिळतो, जुन्या देवळांची कामं करणाऱ्यांना विचारा. पावसाळी वाऱ्याच्या बाजूला आपण घराला झापाची झड लावतो ना, तशीच पंपहाऊसला लावा, दिसायला गावठी दिसेल पण मृगाच्या आधी लावलीत तर भिंत वाचेल.

कौलं उतरवाल तेव्हा एकेक उलटं करून बघा, मागे कारखान्याचा ठसा असतो. मंगलोरला बासेल मिशनचा कारखाना 1865 ला निघाला, तिथून ही कौलं गलबतांनी आपल्या बंदरांत यायची. फुटकी टाकून देऊ नका, ठसा असलेला तुकडा तेवढा जपा.

लोखंडाचं म्हणाल तर बीड (ओतीव लोखंड) आणि पोलाद वेगळं. बिडाचे जुने पाइप बऱ्यापैकी तग धरतात, नटबोल्ट आधी जातात. सॅंड ब्लास्टिंग करून चकचकीत करायचा मोह होईल, करू नका, त्याखाली मूळ रंगाचे थर असतात, ते एकदा गेले की गेले. गंज सुटेल तेवढा हाताने वायर ब्रशने, रॉकेलने पुसून कोरडं करायचं, मग तेलाचा हात. तोही दर महिन्याला, वर्षातून एकदा करून भागत नाही, खारा वारा सुट्टी घेत नाही. पाइपाचे तुकडे निघाले तर जॉइंट कापून दाखवा, आत तागाचा दोर ठासलेला आणि वर वितळलेलं शिसं ओतलेलं असं दिसतं, आमच्या वेळी एक चांगला जॉइंट भरणारा फिटर सगळ्या तालुक्यात फिरायचा. (शिसं मात्र काचेआड, हाताळायला देऊ नका.)

इमारत पुराच्या पट्ट्यात असेल, आणि पंपहाऊस नदीकाठीच असणार, तर कागद तिथे ठेवूच नका. 22 जुलै 2021 ला चिपळूणला काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तिथलं 1864 चं वाचनालयही पाण्यात गेलं. लॉगबुकं, नकाशे, पाणीपट्टीच्या वह्या गावात उंचावरच्या शाळेत किंवा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, म्युझियममध्ये फक्त त्यांच्या प्रती.

प्रश्न: तुमका एक विचारूचा आसा. आमच्या गावात वॉटर वर्क्स बिर्क्स काय नाय. पण आमच्या आज्याचो रहाट आसा, आणि पोफळीच्या खोडाचे पन्हळ आसत. ह्येचा म्युझियम होता काय? (एक वाचक, मालवण तालुका)

होता तर! आणि तुमच्याकडे वॉटर वर्क्स नाही कसं, सिंधुदुर्ग किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, यापेक्षा मोठं काय पाहिजे.

रहाट नुसता उभा करून ठेवला तर दोन पावसाळ्यात वाळवी खाईल. तो फिरता ठेवा. पन्हळीतून पाणी पडण्याचा जो आवाज येतो त्यासाठी मुंबईकर चाकरमानी गणपतीत तुमच्या मागीलदारी येऊन उभा राहील. पोफळीचं खोड चार-पाच वर्षांत बदलावं लागतं, ते बदलणारा माणूस आहे का अजून, आणि तो कोणाला शिकवतोय का, एवढं कळवा मला.

प्रश्न: मी रिटायर्ड पंप ऑपरेटर. आमच्या जुन्या पंपहाऊसची चावी माझ्याकडेच आहे, कोणी मागितलीच नाही म्हणून दिली नाही. मधूनमधून जाऊन झाडून येतो. इंजिन पंधरा वर्षं बंद आहे. मुलं म्हणतात चालू करून दाखवा, यूट्यूबला टाकू. करू का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

काका, नमस्कार. पहिल्या पत्रातल्या पोरांना मी तुम्हालाच शोधायला सांगितलं, तुम्ही त्याच गावचे निघालात तर मजाच आहे.

चालू करू नका. निदान या वर्षी नको. तुम्हाला मी काय सांगणार, तरी लिहितो म्हणजे मुलांना दाखवता येईल. पंधरा वर्षं बसलेल्या इंजिनात पिस्टन लायनरला धरलेला असतो, हँडल मारून किंवा जीपला बांधून जोर लावला की रिंग तुटते नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते पार्ट आता कुठे मिळतात. आधी टाकी आणि पाइपमधलं जुनं डिझेल काढा, इंजेक्टर उतरवून त्या भोकातून थोडं पातळ तेल सोडा आणि आठ-पंधरा दिवस तसंच राहू द्या. बेअरिंगमधलं वाळून दगड झालेलं ग्रीस काढा, नवं भरा. मग फ्लायव्हील (इंजिनाचं ते मोठं चाक) हाताने, दोघांनी मिळून, नुसतं हललं तरी त्या दिवशी पुरे. जिथे अडेल तिथे खडूने खूण करा, जोर लावू नका. पूर्ण एक फेरा सुटला की मग महिन्यातून एकदा दोन-चार फेरे फिरवून वेगळ्या ठिकाणी थांबवायचं, म्हणजे एकाच जागी गंज धरत नाही. धूर काढून दाखवायची मला तरी गरज वाटत नाही, एवढं मोठं चाक हाताने फिरताना बघणं हेच पुष्कळ आहे.

हे करताना तुम्ही जे जे बोलाल, "हा इथे जरा अडतो", "याला आम्ही असं म्हणायचो", ते मुलांना रेकॉर्ड करायला सांगा, यूट्यूबला तेच टाका.

आणि लहान मुलांना चाक फिरवायला द्याल तेव्हा पंपाचा पट्टा आधी उतरवून ठेवा.